भाड्याचा श्वास

मी एक जुनी मशीन आहे. मित्रांनो, ज्या माणसांना आपला आपण पुरेसा श्वास घेता येत नाही, त्यांच्या उशाशी मी उभी असते. खोलीतली साधी हवा मी मागच्या जाळीतून आत ओढते, तिच्यातलं नको ते बाजूला काढते आणि उरलेला ऑक्सिजन एका बारीक नळीतून त्यांच्या नाकापर्यंत पोचवते. दिसायला मी काही खास नाही. चार चाकांवर उभी केलेली करड्या रंगाची पेटी, पोटात पंप आणि पुढच्या बाजूला पाण्याची छोटी बाटली. हवा त्या पाण्यातून बुडबुडत जाते, म्हणजे माणसाचं नाक कोरडं पडत नाही. माझी घरघर इतकी एकसुरी आहे की घरातल्यांना दोन दिवसांत ती ऐकूच येईनाशी होते. मग माझ्यादेखत माणसं अगदी मनातलं बोलतात.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. लांबच लांब टेबलावर मला तुकड्यातुकड्यांनी जोडलं गेलं. शेवटी एका बाईनं मला सुरू केलं, झाकणाला कान लावला आणि शेजारणीला म्हणाली, "हिचा दम चांगला आहे गं." आयुष्यात मिळालेली ती माझी पहिली शाबासकी.

मी कधीच कुणाच्या मालकीची झाले नाही. एका कंपनीनं मला विकत घेतलं आणि तेव्हापासून मी घरोघरी भाड्यानं राहिले. कंपनीचा एक माणूस मला पोचवायचा आणि काम संपलं की परत न्यायचा. सगळ्या घरांत त्याला मशीनवालाच म्हणत. मला जिन्यावरून चढवताना तो कधी आपटत नसे. मी परत निघाले की कधी घरातली माणसं हसत असत, कारण आजारी माणूस बरा झालेला असे. पुष्कळदा ती हसत नसत. एका निवृत्त शिक्षिकेनं माझ्या डोक्यावर विणलेला रुमाल घातला होता. एका घरात माझ्यावर ओले कपडे वाळत टाकायचे. मी दोन्हीकडे सारखीच चालले.

पण मित्रांनो, मला तुम्हाला सांगायचं आहे ते मिस्त्रींच्या घराबद्दल.

टायरच्या दुकानावर दोन खोल्या होत्या. तिथं मिस्त्री आणि त्यांची बायको राहत. मिस्त्रींनी जन्मभर गाड्या रंगवल्या होत्या. फवाऱ्यानं रंग मारताना तोंडाला फडकं बांधायचा त्यांना कंटाळा. तो सगळा रंग वर्षानुवर्षं छातीत जाऊन बसला होता. त्यांच्या बायकोला सगळे काकू म्हणत. काकू रुग्णालयाच्या धुलाईघरात कामाला होत्या. दिवसभर गरम चादरींच्या घड्या घालून त्यांच्या बोटांची टोकं गुळगुळीत झाली होती.

पहिल्या दिवशी मशीनवाल्यानं नळी नाकाला लावून दिली, तेव्हा मिस्त्री म्हणाले, "आमच्या घराण्यात घर भाड्यानं घेतलं, दुकान भाड्यानं घेतलं. श्वास भाड्यानं घेणारा मी पहिला."

काकू हसल्या नाहीत, पण मशीनवाला हसला. तेव्हापासून त्या दोघांचं जमलं.

नळी लांबलचक होती. ती पलंगापासून खिडकीपर्यंत आणि स्वयंपाकाच्या ओट्यापर्यंत पोचायची. मिस्त्रींचं जग तेवढंच उरलं होतं. ते खिडकीशी बसून खालच्या गाड्या बघत आणि काकू कामावरून आल्या की बातम्या देत. "ती लाल आहे ना, ती ठोकलेली आहे. दार दुसऱ्या हातानं रंगवलंय. मालकाला माहीतच नसणार." काकू नळी ओलांडत घरात वावरत, संध्याकाळी माझ्या बाटलीत उकळून गार केलेलं पाणी भरत आणि म्हणत, "लोकांच्या गाड्यांना नावं ठेवा तुम्ही." ते दिवस बरे होते.

मग एके दिवशी काकू औषधाच्या दुकानातून रिकाम्या हातानं परत आल्या.

"कार्ड चालेना," त्या म्हणाल्या. "त्यानं पुन्हा पुन्हा लावून पाहिलं. मागं रांग लागलेली. शेवटी म्हणाला, बाई, बँकेत जाऊन या."

दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून त्या बँकेत गेल्या. परत आल्या त्या पलंगाच्या कडेवर बसल्या. चपला पायातच होत्या.

"काय म्हणाले?" मिस्त्रींनी विचारलं.

"खातं गोठवलंय. कोर्टाचा हुकूम आलाय म्हणे. पैसे दिसतात, पण काढता येत नाहीत."

"आपलं खातं? आपण... कुणाचं काय खाल्लंय?"

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही धाकट्याला जामीन राहिला होतात."

धाकटा म्हणजे काकूंचा पाठचा भाऊ. मित्रांनो, जामीन म्हणजे काय ते सांगते. कर्ज घेतो एक माणूस. पण 'यानं नाही फेडलं तर मी फेडीन' असं लिहून सही करतो दुसरा. धाकट्यानं एका पतसंस्थेकडून धंद्यासाठी कर्ज काढलं होतं. काकूंनीच गळ घातली होती, "माझा एकुलता एक भाऊ आहे हो," आणि मिस्त्रींनी रंगाच्या हातांनी सही केली होती. धाकट्यानं थोडे हप्ते भरले आणि हात वर केले. पतसंस्था कोर्टात गेली. आता कोर्टानं बँकेला सांगितलं होतं, जामिनाच्या खात्यातले पैसे अडकवून ठेवा.

खातं दोघांच्या नावावर होतं. मिस्त्रींचं काम सुटल्यापासून त्यात फक्त काकूंचा पगार यायचा. माझं भाडं त्यातूनच जायचं आणि विजेचं बिलही.

"कोर्ट असं... न सांगता करत नाही," मिस्त्री म्हणाले. "आधी कागद येतो."

काकूंचा आवाज खाली गेला. "आली होती पाकिटं. तुम्ही तेव्हा दवाखान्यात होतात. मी ती उघडलीसुद्धा नाहीत, तशीच धाकट्याला नेऊन दिली. तो म्हणाला, ताई, मी बघतो. भावजींना सांगू नकोस, उगाच त्यांना धाप लागेल."

मिस्त्री ताडकन उठून बसले. "तू... मला... घरात पाकिटं येतात... आणि तू..." पुढचे शब्द निघेनात. त्यांची छाती भात्यासारखी हलू लागली, ओठ निळे पडले. काकू घाबरून त्यांची पाठ चोळू लागल्या. मी होता नव्हता तेवढा जोर लावला. माणसाला रागवायलासुद्धा श्वास लागतो, हे मी त्या दिवशी पाहिलं.

त्यानंतर मिस्त्री फारसे बोलेनासे झाले. खालच्या गाड्यांच्या बातम्याही बंद झाल्या.

काकूंची धावपळ सुरू झाली. कोर्टातल्या कारकुनानं त्यांना सांगितलं, "खात्यात आलेले पैसे तुमचा पगार आहे, हे दाखवा. पगाराचा बराचसा भाग सुटू शकतो. पण अर्ज करावा लागेल, तारीख पडेल." काकूंनी धुलाईघराच्या साहेबाकडून चिठ्ठी आणली, अर्ज केला. तारीख पडली. त्या दिवशी न्यायाधीश रजेवर होते. पुढची तारीख पडली. इकडे नवीन पगार जमा झाला आणि जुन्याच्या शेजारी जाऊन अडकून बसला. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो असा. काकूंनी धुलाईघरातल्या बायकांकडून उसने पैसे आणले. त्यात औषधं आली, किराणा आला. माझं भाडं मात्र थकलं.

कंपनीनं मशीनवाल्याला पाठवलं. तो आला, चहा प्यायला, माझी जाळी साफ केली आणि निघताना म्हणाला, "ऑफिसात सांगतो, घराला कुलूप होतं."

"कुलपाआडून... चहा छान मिळाला म्हणावं," मिस्त्री म्हणाले. पुष्कळ दिवसांनी ते असं काही बोलले होते.

याच सुमाराला आणखी एक गोष्ट घडू लागली. काकू कामावर गेल्या, त्यांची पावलं जिन्यावर ऐकू येईनाशी झाली, की मिस्त्री हात लांब करून माझं बटण बंद करायचे. विजेचं बिल वाचावं म्हणून. मी गप्प उभी आणि ते खिडकीशी बसलेले, खांदे वर ओढून, तोंड उघडं ठेवून, एकेक श्वास मोजल्यासारखा घेत. काकूंची यायची वेळ झाली की पुन्हा बटण लावायचे. दोन-तीन दिवसांत काकूंच्या लक्षात आलं.

"बाटलीतलं पाणी कमी का होत नाही?" त्यांनी विचारलं.

मिस्त्री खिडकीबाहेर बघू लागले. काकू बाटली हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. त्यांना सगळं समजलं होतं. त्या रडल्या नाहीत. बाहेरच्या खोलीत गेल्या आणि भावाला फोन लावला. "आजच्या आज ये," एवढंच म्हणाल्या.

धाकटा संत्री घेऊन आला. कपडे चांगले होते, बोलणं गोड होतं. खुर्ची ओढताना तिचा पाय माझ्या नळीवर आला. काकूंनी वाकून ती सोडवली.

"तुझ्या नावावर... काय आहे रे?" मिस्त्रींनी विचारलं.

"माझ्या नावावर मी काही ठेवलंच नाही, भावजी," धाकटा म्हणाला, जणू ही शहाणपणाचीच गोष्ट होती. "दुकान बायकोच्या नावावर, घर बायकोच्या नावावर. मला हात लावता येईना, म्हणून तर ते तुमच्याकडे वळले. पण मी मार्ग काढलाय. ताईची नोकरी पक्की आहे. तिच्या नावावर नवीन कर्ज मिळतं. त्यातून पतसंस्थेचं मिटवून टाकू. खातं मोकळं, मशीनचं भाडं मोकळं. हप्ते मी भरीन ना! ताईनं फक्त सही करायची."

म्हणजे आगीतून उठून फुफाट्यात पडायचं, हे माझ्यासारख्या मशीनलाही कळत होतं. कळत नव्हतं ते काकूंना असंही नाही. त्यांनी विचारलं, "सही केली तर मशीन राहील?"

"राहील म्हणजे काय!"

"मग उद्या संध्याकाळी कागद घेऊन ये."

तो गेल्यावर मिस्त्री म्हणाले, "करू नकोस सही."

"मग काय करू? सांगा ना! कुलूप होतं, कुलूप होतं म्हणून तो बिचारा किती दिवस खोटं बोलेल? ही मशीन नेली की तुम्ही..." त्या थांबल्या. "चूक माझी आहे. मीच निस्तरते."

मिस्त्रींनी भिंतीकडे तोंड केलं. काकूंना वाटलं, हे अजून रागावलेच आहेत. मला त्यांचा चेहरा दिसत होता. तो रागावलेल्या माणसाचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी बाटली भरली, मला हात लावून "बंद करायची नाही" असं मिस्त्रींना बजावलं आणि त्या कामावर गेल्या. मिस्त्रींनी उशीखालचा फोन काढला आणि मशीनवाल्याला बोलावून घेतलं.

तो आला. मिस्त्री म्हणाले, "ही घेऊन जा."

"असं काय करता, मिस्त्री? मी ऑफिसात आणखी थोडे दिवस निभावून नेतो."

"ऐक. ती आज... सही करणार आहे. माझ्यासाठी. ही मशीन इथं आहे... तोवर तिला धीर निघायचा नाही. हिला वाचवायला... ती जन्मभराचा फास... गळ्यात घालून घेईल." ते थांबले, मी दिलेली हवा घेतली आणि पुन्हा बोलू लागले. "मशीनच नसली... की घाई संपली. कोर्टाचा कागद आला... की परत आण."

"आणि तोवर?"

"तुझ्या गाडीत असेल की... एखादा सिलिंडर."

मशीनवाल्यानं खिडकीतून खाली उभ्या गाडीकडे पाहिलं. मग म्हणाला, "काकूंना काय सांगू?"

"काही नाही सांगायचं. म्हणेल... माझ्यामुळे केलंत."

"त्या मला शिव्या घालतील."

"घालू दे. तुझ्याकडे... श्वास आहे." मिस्त्रींनी हसायचा प्रयत्न केला. "शपथ घे."

मशीनवाल्यानं त्यांच्या हातावर हात ठेवला. मग चाचरत विचारलं, "तुम्ही रागावलाय का त्यांच्यावर?"

"रागावलो होतो. एक दिवस," मिस्त्री म्हणाले. "जास्त परवडत नाही."

मशीनवाल्यानं गाडीतून ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर आणला, बाटली आणि नळी त्याला जोडली आणि माझं बटण बंद केलं. खोली एकदम केवढीतरी शांत झाली. जिना उतरताना त्या दिवशी मी पहिल्यांदा कठड्यावर आपटले.

मग मी गोदामात आले. माझ्यावर प्लास्टिक टाकलं गेलं. माझ्यासारख्या पुष्कळ मशिनी तिथं ओळीनं उभ्या होत्या. कुणाला पंप नव्हता, कुणाला चाकं नव्हती. दिवस जात होते. मला परत नेण्याचा निरोप येईल म्हणून दाराच्या प्रत्येक आवाजाकडे माझं लक्ष असे.

एके दिवशी काकूच आल्या. हातात पिशवी होती. पिशवीतून त्यांनी माझी नळी आणि बाटली काढली आणि टेबलावरच्या कारकुनापुढे ठेवली. "अनामत रक्कम परत मिळते म्हणाले होते," त्या म्हणाल्या. कारकुनानं थकलेलं भाडं वळतं करून घेतलं. उरलेली रक्कम आणायला तो आत गेला.

तेवढ्यात मशीनवाला आला. काकूंना पाहून तो दारातच थबकला.

"मिस्त्री?"

"गेले. तुमचा सिलिंडर दुसऱ्या दिवशी संपला. मी त्यांना दवाखान्यात नेलं. आठवडाभर होते. त्यांच्यामागं चार दिवसांनी कोर्टाचा कागद आला, बाईचा पगार सोडा म्हणून." काकू सरळ उभ्या राहून बोलत होत्या. मग त्यांचा आवाज चढला. "मी घरात नसताना का नेलीत हो मशीन? एक दिवस थांबला असतात! इतका चहा प्यालात आमच्याकडे. माणूस आहात का तुम्ही?"

मशीनवाला खाली बघत म्हणाला, "चुकलं माझं, काकू."

त्यानं शपथ पाळली. मला वाटलं, आता या दोघांमध्ये हे असंच राहणार.

काकूंनी डोळे पुसले आणि कारकुनानं आणून दिलेले पैसे मोजून त्या पिशवीत ठेवायला लागल्या. पिशवीतली एक जाड कागदांची गुंडाळी मध्ये येत होती, ती त्यांनी बाजूला सारली. स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "आता धाकटा म्हणतो, कर्ज आहेच अजून, ते मिटवून टाक. त्या दिवसापासून कागद घेऊन फिरतोय. करून टाकते सही. आता घरात 'करू नकोस' म्हणायलाही कोणी नाही."

मशीनवाल्यानं मान वर केली. "काकू, ती सही करू नका."

"तुम्हाला काय माहीत त्यातलं?"

तो घुटमळला. मग म्हणाला, "मिस्त्रींनीच मला बोलावलं होतं. मशीन त्यांनीच न्यायला लावली. तुम्ही सही करू नये म्हणून." आणि मग त्यानं सगळं सांगितलं. काहीच राखून ठेवलं नाही.

काकू माझ्या शेजारच्या खोक्यावर बसल्या. त्यांचा हात माझ्या झाकणावरच्या प्लास्टिकवर टेकला होता, पण तो कशावर आहे हे त्यांना कळत नसावं. त्या म्हणाल्या, "दवाखान्यात माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, माझ्यावर रागावूनच गेले."

"तोंडाला मास्क असतो ना तिथं, काकू."

"हो. मास्क होता." त्यांनी पदराच्या टोकाची घडी घातली. मग विचारलं, "एक दिवस म्हणाले?"

"एकच दिवस."

काकू उठल्या. कारकुनाकडून पावती घेतली, पिशवी खांद्याला लावली आणि गेल्या. मशीनवाला दारापर्यंत त्यांच्याबरोबर गेला. बाहेर ते काही बोलले की नाही, ते मला ऐकू आलं नाही.

पुढं त्याला काकू एकदा रुग्णालयात भेटल्या. तेव्हाची हकिकत तो गोदामात इतरांना सांगत होता. काकूंनी सही केली नाही. त्यांनी स्वतःच्या एकटीच्या नावानं नवीन खातं काढलं आणि पगार तिकडे वळवून घेतला. जुन्या खात्यात मिस्त्रींच्या नावावर जे थोडंफार उरलं होतं, ते पतसंस्थेनं नेलं. धाकटा आता येत नाही. पतसंस्था मात्र त्याच्या मागं लागली आहे की नाही, ते कुणालाच ठाऊक नाही. काकू अजून चादरींच्या घड्या घालतात. खिडकीशी बसत नाहीत म्हणे.

मित्रांनो, माझा पंप आता थकला आहे. दुरुस्तीचा खर्च परवडत नाही म्हणून मला कदाचित मोडीत काढतील. त्याचं मला फार वाईट वाटत नाही. मशीननं कधीतरी मोडायचंच असतं. पण तुम्ही मोठे व्हाल, तेव्हा माझं एवढं ऐका. घरात आलेलं पाकीट कितीही भीती वाटली तरी उघडा आणि ज्याच्या नावाचं असेल त्याच्या हातात द्या. प्रेमाच्या माणसासाठी सही करायची वेळ आली, तर आधी घरी येऊन चार माणसांत वाचून दाखवा. आणि घरातल्या माणसाबद्दल जे मनात असेल, ते त्याच्या उशाशी उभ्या असलेल्या माझ्यासारखीला ऐकवू नका. त्यालाच सांगा, त्याला ऐकू येतं आहे तोवर सांगा. मी सगळं ऐकत होते, मित्रांनो. पण मला फक्त हवा देता येत होती, निरोप नाही.